थायरॉक्सिन आणि अमिओडॅरोन एकमेकांशी भांडतात का?

पत्र: माझ्या सासूबाई ६७ वर्षांच्या आहेत. थायरॉइड कमी काम करतं म्हणून त्या बरीच वर्षं ७५ मायक्रोग्रॅम थायरॉक्सिन घेतात. दोन महिन्यांपूर्वी त्यांच्या हृदयाचे ठोके अनियमित झाले. एट्रियल फिब्रिलेशन असं निदान झालं आणि हृदयरोगतज्ज्ञांनी अमिओडॅरोन, मेटोप्रोलॉल आणि रक्त पातळ करणारं वॉरफरिन सुरू केलं. ठोके आता लयीत आहेत. पण नुकत्याच केलेल्या तपासणीत टीएसएच (थायरॉइडला 'आणखी हॉर्मोन बनव' असं सांगणारं पिट्युटरीचं हॉर्मोन) ८.२ आलं, फ्री टी४ (रक्तातलं मोकळं थायरॉक्सिन) वरच्या मर्यादेच्या किंचित पुढे आणि टी३ अगदी खालच्या काठावर. टीएसएच म्हणतं हॉर्मोन कमी आहे, टी४ म्हणतं जास्त आहे! आमच्या एका नातेवाइकांचं म्हणणं असं, की थायरॉक्सिन हृदयाला पळवतं, अमिओडॅरोन त्याला आवरतं, दोन्ही औषधं हृदयाच्या एकाच रिसेप्टरवर जाऊन भांडतात, तेव्हा एक बंद करा. सासूबाईंनी घाबरून चार-पाच दिवसांपासून थायरॉक्सिन थांबवलंय. मी बारावीपर्यंत जीवशास्त्र शिकले आहे, त्यामुळे हे रिसेप्टरचं प्रकरण नीट उलगडून सांगा. 'डॉक्टरांना विचारा' एवढंच उत्तर नको.

उत्तर: डॉक्टरांना विचारावं तर लागणारच आहे, तेही आजच. ज्यांनी थायरॉक्सिन लिहून दिलंय त्यांना फोन करा आणि चार-पाच दिवस गोळी बंद होती हे सांगा. बहुधा ते पूर्वीचाच डोस पुन्हा सुरू करायला सांगतील. चुकलेल्या गोळ्या एकदम देऊन भरपाई मात्र करू नका. शरीरातलं थायरॉक्सिन निम्म्यावर यायला साधारण सात दिवस लागतात, म्हणून अजून फारसं बिघडलेलं नाही. पण हेच दोन महिने चाललं असतं, तर सूज, थकवा, मंदावलेली नाडी, वाढलेलं कोलेस्टेरॉल, हे सगळं आधीच त्रासलेल्या हृदयावर येऊन पडलं असतं. अमिओडॅरोन आणि मेटोप्रोलॉललाही स्वतःहून हात लावू नका.

आता रिसेप्टर, म्हणजे हॉर्मोन किंवा औषध ज्याला जाऊन जुळतं ते पेशीतलं प्रथिन. तुमच्या नातेवाइकांचं निरीक्षण निम्मं बरोबर आहे. थायरॉइड हॉर्मोन आणि अमिओडॅरोन यांचे हृदयावरचे परिणाम खरंच एकमेकांच्या उलट दिसतात. चुकतंय ते 'एकाच रिसेप्टरवर' हे. हृदयाच्या पेशीत या औषधांच्या कामाच्या जागा निदान तीन आहेत: पेशीच्या केंद्रकातला थायरॉइड रिसेप्टर, पेशीच्या पृष्ठभागावरचा बीटा रिसेप्टर आणि ज्यांतून सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम आत-बाहेर करतात ते आयन मार्ग. भांडण असलंच तर ते या तिन्ही ठिकाणी वेगवेगळ्या प्रकारे चालतं.

सासूबाई घेतात ते थायरॉक्सिन म्हणजे टी४. त्याच्या रेणूत आयोडीनचे चार अणू असतात. हृदयाच्या पेशीला खरं काम करणारं हवं असतं ते टी३. यकृत, मूत्रपिंड अशा ठिकाणची विकरं (एन्झाइम) टी४ मधला एक आयोडीन अणू काढून टी३ बनवतात, आणि हृदय मुख्यतः हे रक्तातून येणारं तयार टी३ वापरतं. टी३ पेशीत शिरतं ते थेट केंद्रकापर्यंत जातं. तिथे त्याचा रिसेप्टर आधीपासून डीएनएला चिकटून बसलेला असतो. हॉर्मोन नसतानाही तो गप्प नसतो. काही जनुकं दाबून ठेवणं हे त्याचं त्या वेळचं काम. टी३ येऊन जोडलं गेलं, की दाबणारी प्रथिनं बाजूला होतात आणि जनुकाचं वाचन सुरू होतं. आकुंचनानंतर कॅल्शियम चटकन परत कोठारात भरणाऱ्या पंपाचं जनुक असं जागं होतं, तर त्या पंपाला लगाम घालणाऱ्या फॉस्फोलॅम्बान या प्रथिनाचं जनुक मंदावतं. परिणामी हृदय जोरात आवळतं आणि तितक्याच झटकन सैल होतं.

या रिसेप्टरचे अल्फा आणि बीटा असे दोन मुख्य प्रकार आहेत, आणि हृदयात अल्फाची सत्ता आहे. (इथला बीटा आणि 'बीटा ब्लॉकर'मधला बीटा यांचा एकमेकांशी काहीही संबंध नाही. नाव ठेवणाऱ्यांनी वाचकांचा विचार केला नव्हता.) अल्फाची सत्ता दाखवणारं एक बोलकं उदाहरण आहे. काही लोकांमध्ये जन्मतःच थायरॉइडच्या बीटा रिसेप्टरमध्ये दोष असतो. मेंदूतली पिट्युटरी ग्रंथी मुख्यतः बीटावर चालते, त्यामुळे तिला हॉर्मोन 'ऐकू' येत नाही आणि ती आणखी मागवत राहते. रक्तात हॉर्मोन साठतं. यकृताला त्याचं फारसं काही वाटत नाही. पण हृदयाचा अल्फा रिसेप्टर धडधाकट असल्यामुळे त्याला ते सगळं जाणवतं आणि नाडी धावू लागते. एकाच रक्तात, एकाच वेळी एक अवयव उपाशी आणि दुसरा अतितृप्त असू शकतो. सासूबाईंचा रिपोर्ट वाचताना आपल्याला हे लागणार आहे.

टी३ ज्या जनुकांना जागं करतं, त्यात पृष्ठभागावरच्या बीटा-१ रिसेप्टरचंही जनुक आहे. थायरॉइड आणि धडधड यांचा संबंध वैद्यकाला फार पूर्वीपासून ठाऊक होता. डब्लिनच्या रॉबर्ट ग्रेव्ह्ज यांनी १८३५ साली गळ्याची गाठ आणि जोराची, दीर्घकाळ टिकणारी धडधड असलेल्या स्त्रियांचं वर्णन केलं होतं. पुढे लोकांना वाटलं की अशा रुग्णांत अ‍ॅड्रिनलिन वाढत असणार, कारण घाम, कंप, धावती नाडी ही सगळी लक्षणं त्याचीच. प्रत्यक्षात मोजलं, तेव्हा त्या जातीच्या रसायनांची रक्तातली पातळी नेहमीएवढी किंवा कमीच निघाली. मग हृदय एवढं का उसळतं? १९७७ मध्ये विल्यम्स, लेफकोविट्झ आणि सहकाऱ्यांनी उंदरांना थायरॉइड हॉर्मोन देऊन त्यांच्या हृदयातले बीटा रिसेप्टर किरणोत्सारी खूण लावलेल्या रेणूंनी मोजले. त्यांची संख्या वाढलेली होती. याच लेफकोविट्झ यांना पुढे २०१२ मध्ये ब्रायन कोबिल्का यांच्यासोबत रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, ते याच कुटुंबातल्या रिसेप्टरांवरच्या कामासाठी.

बीटा रिसेप्टर म्हणजे पेशीचे कान समजा. अ‍ॅड्रिनलिन बोलतं आणि टी३ कानांची संख्या ठरवतं. कान वाढले की नेहमीच्याच आवाजातलं बोलणंही ओरडल्यासारखं ऐकू येतं. मेटोप्रोलॉलसारखा बीटा ब्लॉकर काय करतो? कानांत बोळे घालतो. कान तेवढेच राहतात, किंबहुना बोळे फार दिवस राहिले तर पेशी आणखी कान उगवते. म्हणूनच बीटा ब्लॉकर एकाएकी बंद केला की हृदय उसळून उठतं आणि तो नेहमी हळूहळू कमी करावा लागतो. सासूबाई उद्या घाबरून तीही गोळी थांबवतील, म्हणून हे आत्ताच सांगून ठेवतो.

पण सगळी कहाणी बीटा रिसेप्टरवर संपत नाही, आणि हा भाग बऱ्याच सोप्या लेखांतून गाळला जातो. बीटा-१ आणि बीटा-२ हे दोन्ही रिसेप्टर मुळातच नसलेल्या उंदरांना थायरॉइड हॉर्मोन दिलं, तरी त्यांची नाडी वाढते. म्हणजे हॉर्मोनची थेट हुकमतही आहे: ठोके सुरू करणाऱ्या पेशींवर आणि आयन मार्ग बनवणाऱ्या जनुकांवर. हॉर्मोन जास्त झालं की अलिंदाच्या, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्याच्या, पेशीचा विद्युत आवेग आखूड होतो, पेशी पुढच्या ठोक्याला लवकर मोकळी होते आणि भरकटलेल्या विद्युतलहरींना फिरायला रान मिळतं. एट्रियल फिब्रिलेशनला ही जमीन मानवते. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम अभ्यासात साठीच्या पुढच्या ज्या लोकांचं टीएसएच अगदी तळाला गेलेलं होतं, त्यांच्यापैकी २८ टक्क्यांना दहा वर्षांत एट्रियल फिब्रिलेशन झालं. टीएसएच नेहमीचं असणाऱ्यांत हे प्रमाण ११ टक्के होतं. तेव्हा थायरॉक्सिन हृदयाला पळवतं हे खरं, पण ते डोस जास्त झाल्यावर. सासूबाईंचं टीएसएच ८.२ आहे, तळाला नाही. फिब्रिलेशन सुरू झालं त्या सुमाराचा टीएसएच अहवाल घरात असेल तर तो शोधून ठेवा. अमिओडॅरोनने आकडे ढवळण्याआधीची स्थिती त्यातूनच कळेल.

आता अमिओडॅरोन. हे औषध बेल्जियममध्ये साठच्या दशकाच्या सुरुवातीला छातीतल्या कळेसाठी, म्हणजे अंजायनासाठी तयार झालं. लय सुधारण्याचा त्याचा गुण १९७० मध्ये ब्रामा सिंग आणि वॉन विल्यम्स यांनी सशांवर दाखवला. त्यांना दिसलं, की काही आठवडे औषध दिल्यावर हृदयाच्या पेशीचा विद्युत आवेग लांबतो, अगदी थायरॉइड काढून टाकलेल्या प्राण्यात लांबतो तसाच. आणि सोबत थायरॉक्सिन दिलं, तर हा परिणाम दिसेना.

हा प्रयोग तुमच्या नातेवाइकांनी वाचला असता, तर त्यांनी विजयाने टाळी वाजवली असती. त्यांच्या बाजूने आणखीही सांगता येईल. अमिओडॅरोनचा रेणू थायरॉइड हॉर्मोनसारखाच आयोडीनवाला आहे. त्याच्या वजनात सुमारे ३७ टक्के आयोडीन असतं. अमिओडॅरोन टी४ चं टी३ मध्ये रूपांतर करणारं विकर अडवतं. शरीरात त्यापासून बनणारं डेसइथाइल-अमिओडॅरोन प्रयोगशाळेत टी३ ला त्याच्या केंद्रकातल्या रिसेप्टरशी नीट जुळू देत नाही. प्राण्यांत दीर्घकाळ दिल्यावर हृदयातल्या बीटा रिसेप्टरांची संख्या घटते. मेटोप्रोलॉल फक्त जागा अडवतं, अमिओडॅरोन जागाच कमी करतं. आवेग लांबणं, नाडी मंदावणं, बीटा रिसेप्टर घटणं: ही तिन्ही चिन्हं थायरॉइड कमी असलेल्या हृदयाची. म्हणून काही अभ्यासकांनी मांडलं, की हे औषध रक्तात नव्हे तर हृदयापुरती थायरॉइडची कमतरता निर्माण करून काम करतं.

मग थायरॉक्सिन दिल्याने अमिओडॅरोनवर पाणी पडत नाही का? रुग्णांत तसं होताना दिसत नाही. अमिओडॅरोन घेणाऱ्या कित्येकांना थायरॉइडची खरीखुरी कमतरता होते. त्यांना थायरॉक्सिन सुरू करतात, अमिओडॅरोन तसंच चालू ठेवतात आणि लय टिकते. ही जगभरची रूढ पद्धत आहे. कारण थायरॉइडशी केलेली ही ढवळाढवळ अमिओडॅरोनच्या कामाचा एक हिस्साच आहे. पोटॅशियम, सोडियम आणि कॅल्शियमच्या मार्गांवर ते थेट बसतं, त्यासाठी त्याला थायरॉइडची मध्यस्थी लागत नाही. दुसरं कारण डोसचं. कमतरता भरून हॉर्मोन नेहमीच्या पातळीवर आणणं वेगळं आणि त्याच्या पलीकडे नेणं वेगळं. पहिल्याने अमिओडॅरोनचं बिघडत नाही, दुसऱ्याने नक्की बिघडतं.

एवढं कळल्यावर रिपोर्टमधला विरोधाभास आपोआप सुटतो. टी४ ची गोळी रोज जाते आहे, पण तिचं टी३ मध्ये रूपांतर करणारी वाट अमिओडॅरोनने अरुंद केली आहे. म्हणून टी४ तुंबून वर गेलं आणि टी३ घटलं. पिट्युटरी ग्रंथी तर स्वतःच्या आतच टी४ पासून टी३ बनवून पातळी जोखते, आणि तिथलंही विकर अडवलं गेलंय. तिला वाटतं हॉर्मोन कमी आहे, म्हणून तिने टीएसएच वाढवलं. दोन्ही आकडे खरे आहेत, फक्त दोन वेगवेगळ्या जागांबद्दल बोलतात. निरोगी थायरॉइड असलेल्यांतही अमिओडॅरोनच्या पहिल्या तीन महिन्यांत टीएसएच असं वर चढतं आणि बहुतेकदा नंतर आपसूक खाली येतं. सासूबाईंची ग्रंथी मात्र स्वतः सावरून घेऊ शकत नाही, त्यामुळे त्यांचा डोस थोडा वाढवावा लागण्याची शक्यता आहे. म्हणजे तुमच्या घरात जे झालं त्याच्या नेमकं उलट. पण दोन महिन्यांच्या आकड्यावर घाईने डोस वाढवणंही मला पटत नाही, विशेषतः टी४ आधीच वर असताना. लक्षणं फार नसतील तर तीन महिने पूर्ण झाल्यावर टीएसएच, फ्री टी४ आणि टी३ तिन्ही पुन्हा पाहून ठरवणं शहाणपणाचं. एकट्या टीएसएचवर या औषधाच्या सोबतीत विसंबू नये.

वॉरफरिनबद्दल तुम्ही काही विचारलेलं नाही, पण मला या औषधांच्या चिठ्ठीत सगळ्यांत धास्ती त्याचीच वाटते. अमिओडॅरोन यकृतात वॉरफरिनचा निचरा मंद करतं, आणि हा परिणाम आठवड्यागणिक वाढत जातो. शिवाय थायरॉइड हॉर्मोन वाढलं की रक्त गोठवणारे घटक लवकर खर्ची पडतात आणि त्याच डोसमध्ये रक्त आणखी पातळ होतं. हॉर्मोन कमी झालं की उलट. थायरॉक्सिन थांबवणं, सुरू करणं, डोस बदलणं, या प्रत्येक वेळी आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ झालंय हे सांगणारा आकडा, हलतो. या आठवड्यात तो तपासून घ्या आणि थायरॉक्सिन पुन्हा सुरू झाल्यावर काही आठवडे नेहमीपेक्षा लवकर लवकर तपासत राहा. हिरड्यांतून रक्त, काळी शौच, मार न लागता उठलेले निळे डाग दिसले तर वाट पाहू नका.

पुढची गोष्ट आयोडीनची. अमिओडॅरोनच्या २०० मिलिग्रॅमच्या एका गोळीत सुमारे ७५ मिलिग्रॅम आयोडीन असतं. प्रौढ माणसाला दिवसाला लागतं १५० मायक्रोग्रॅम, म्हणजे त्याच्या पाचशेव्या भागाएवढं. गोळीतलं सगळं आयोडीन सुटं होत नाही, पण जे सहा-सात मिलिग्रॅम रोज सुटतं तेही गरजेच्या चाळीसपट आहे. ग्रंथीचा थोडा भाग अजून काम करत असेल तर या पुरात ती आणखी मंदावू शकते, किंवा क्वचित उलट उसळू शकते. काही जणांत औषध ग्रंथीला थेट इजा करतं आणि आत साठलेलं हॉर्मोन रक्तात सांडतं. सासूबाईंची ग्रंथी बरीच थकलेली असेल तर ही उसळी कमी संभवते, पण अशक्य नाही. ओळखायची कशी? नेहमीची धडधड, कंप यांच्यावर विसंबू नका, कारण अमिओडॅरोन आणि मेटोप्रोलॉल दोन्ही मिळून तीच लक्षणं झाकतात. कारण नसताना वजन उतरू लागलं, स्नायूंतली ताकद गेली, लयीत आलेले ठोके अचानक पुन्हा बिघडले किंवा स्थिर असलेला आयएनआर वर सरकू लागला, तर त्याच दिवशी थायरॉइडची तपासणी मागा. आणि नाडी पन्नासच्या खाली जाऊन चक्कर येत असेल, किंवा शुद्ध हरपली, तर थेट रुग्णालय.

मग आयोडीन नसलेलं औषध का नाही, हा प्रश्न तुमच्या मनात आलाच असेल. सोटॅलॉल आहे, ते बीटा रिसेप्टर अडवतं आणि आवेगही लांबवतं, पण मूत्रपिंडं आणि ईसीजीवरचं क्यूटी अंतर (ठोक्याच्या विद्युत आवेगाला लागणारा वेळ) पाहूनच देता येतं. ड्रोनेडॅरोन तर आयोडीन काढून टाकूनच घडवलेलं आहे; मात्र बळावलेल्या हार्ट फेल्युअरमध्ये ते जीवावर बेतू शकतं आणि लय टिकवण्यात अमिओडॅरोनपेक्षा दुबळं आहे. सासूबाईंच्या हृदयाची ताकद, झडपा, मूत्रपिंडं यांचे तपशील पत्रात नाहीत, म्हणून मी इथे मत देत नाही. हृदयरोगतज्ज्ञांना एवढंच विचारा: हे औषध काही महिन्यांसाठी आहे की कायमचं?

थायरॉक्सिन रिकाम्या पोटी, न्याहारीच्या अर्धा-पाऊण तास आधी, आणि कॅल्शियम किंवा लोहाच्या गोळीपासून चार तास दूर, हा नियम त्यांना माहीत असेलच. केसांसाठी बायोटिन घेत असतील तर तपासणीच्या दोन दिवस आधी थांबवा, कारण त्याने थायरॉइडचे आकडे खोटे येऊ शकतात.

दोन्ही डॉक्टरांना एकमेकांच्या चिठ्ठ्या दाखवा. हृदयाच्या फाइलमध्ये थायरॉक्सिनचा डोस आणि थायरॉइडच्या फाइलमध्ये अमिओडॅरोन सुरू झाल्याची तारीख ठळक लिहून ठेवा. ती तारीख महत्त्वाची आहे, कारण टीएसएचचा आकडा तिच्यापासून किती महिन्यांनी आलाय यावर त्याचा अर्थ ठरतो. स्थिरस्थावर झाल्यावर दर सहा महिन्यांनी थायरॉइड आणि यकृताची तपासणी लागेल. अमिओडॅरोन शरीरातल्या चरबीत मुरून बसतं आणि ते निम्म्यावर यायलाच दीड-दोन महिने जाऊ शकतात, त्यामुळे उद्या ते बंद झालं तरी थायरॉइडची तपासणी पुढे वर्षभर चालू ठेवावी लागेल, आणि तेव्हा थायरॉक्सिनचा डोस पुन्हा कमी करण्याची वेळ येऊ शकते.